टायसनचं पायताण

"बाबा, आधी त्याचे बूट," निकिता म्हणाली.

भिमाजी अण्णा उंबऱ्यात तयार होऊन उभे होते. कपाळावर गोपीचंदन आणि बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर घडी न मोडलेलं पांढरं उपरणं. आज भैरोबाच्या टेकडीवर सप्ताहाची सांगता, काल्याचं कीर्तन. आणि काल्याच्या कीर्तनात वीणा घेऊन उभं राहायचा मान यंदा पहिल्यांदाच त्यांना मिळाला होता. लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या तोलाईवर सगळी उमर गेली, पण सप्ताह त्यांनी कधी चुकवला नाही. वीणा मात्र दर साली गावातला गोटीराम घेऊन जायचा. का, तर तो वेळेवर हजर असायचा. अण्णा लासलगावाहून येऊन टेकडी चढेपर्यंत कीर्तनाला रंग चढलेला असायचा. यंदा अण्णा निवृत्त झाले होते. यंदा उशिराला काही कारणच नव्हतं.

जे कारण होतं, ते सोफ्यावर झोपलं होतं.

टायसन नावाचं हे लॅब्राडॉर अण्णांच्या मुलाने, रविराजने, हौसेने आणलं आणि तो स्वतः सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाऊ लागला. कुत्रं खाऊन खाऊन असं फुगलं की डॉक्टरने सांगितलं, रोज लांब चालवा, नाहीतर गुडघे जातील. सुनेचं, निकिताचं, ऑफिस घरूनच चालायचं. काल मीटिंगमध्ये टायसन तिच्या साहेबांवर भुंकला, आणि आज तर साहेबांचे साहेब येणार होते.

"टेकडीची वाट सोपीच आहे बाबा. तुम्ही जाताच आहात, तर त्यालाही न्या. फक्त बूट काढू नका. जमीन तापते, पंजे भाजतात."

लाल रंगाचे, पट्टीने आवळायचे चार बूट. एक पाय घालावा तोवर दुसरा निघायचा. चौथा बूट बसेपर्यंत अण्णांचं गोपीचंदन घामाने नाकावर आलं होतं.

"राम कृष्ण हरी," ते म्हणाले, आणि निघाले.

भैरोबाची टेकडी मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागा संपतात तिथे. चढ म्हणावा असा चढ नाही. ट्रॅक्टर वर जायचा म्हणून वाट रुंद केलेली, आणि रुंद करताना होती ती झाडं तोडलेली. पायथ्यापासून देवळापर्यंत सावली म्हणून काही असेल, तर ती माणसाची स्वतःचीच. आणि वाट देवाची, म्हणून चढायची अनवाणी. पायथ्याशी कलाबाई नावाची म्हातारी चपला सांभाळत बसायची. तिच्या नजरेतून पायताण सुटलं असं कधी झालं नव्हतं.

अण्णांनी चपला काढून रांगेत ठेवल्या आणि पाऊल उचललं.

"अण्णा, थांबा वाईच," कलाबाई म्हणाली. "त्याचं काय?"

"कुत्रं नेऊ नको म्हणता का? भैरोबाचं वाहन आहे हो ते."

"कुत्र्याला कोन आडवतंय? दर्शन घेऊ द्या की त्याला. मी पायतानाचं म्हनते."

"अहो, जनावर आहे ते."

"मंग जनावरासारखं जाऊ द्या. बूट घातल्यावर कशाचं जनावर?"

"बैलाला नाही का नाल असते?"

"नाल ठोकलेली असती. हे बूट काढता येत्यात," कलाबाई म्हणाली. "माझं काय नाय अण्णा. आज वीणा तुमच्या गळ्यात पडायची. देवाच्या डोंगरावर पायतान नेल्यालं तुमाला चालत आसंल, तर न्या बापा. देव बघतोच हाय."

 वकिलाला उत्तर देता येतं, चपला सांभाळणाऱ्या म्हातारीला देता येत नाही. मागे बायामाणसं खोळंबली होती आणि सगळ्यांचे डोळे टायसनच्या पायांवर होते. अण्णांनी खाली बसून चारही बूट काढले. कलाबाईने ते आपल्या हाताने रांगेत नीट मांडले, आणि टायसनच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "जा रे, शाना हायेस तू."

पहिल्या वळणापर्यंत बरं चाललं. वाटेवर माती होती. वळणानंतर काळा कातळ सुरू झाला. टायसनने एक पंजा टेकवला आणि उचलला. दुसरा टेकवला, तोही उचलला. मग चारही एकदम उचलता येतील का, याचा त्याने प्रामाणिक प्रयत्न करून पाहिला. शेवटी त्याने उपाय शोधला. तो अण्णांच्या पावलांवर येऊन उभा राहिला.

"अरे लेका, माझेही भाजतायत," अण्णा म्हणाले.

टायसनने त्यांच्याकडे बघून शेपूट हलवलं. उतरला नाही.

वरून भोंगा वाजला. आवाज गोटीरामचा होता. "राम कृष्ण हरी! महाराज आसनावर येऊन राहिलेत. वीणेकरी भिमाजी अण्णा जिथं कुठं असतील तिथून लगोलग वर यावं. नाय जमलं तरी काळजी करू नये. आमी हायेच!"

त्या 'आमी हायेच' मधला गोडवा अण्णांच्या काळजात खिळ्यासारखा गेला. त्यांनी पट्टा ओढला. कुत्रं बसलं, बसल्याबरोबर मागून भाजलं म्हणून केकाटत उठलं. अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि कातळावर अंथरलं. टायसन ऐटीत उपरण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि थांबला. अण्णांनी त्याला क्षणभर पायांवर घेतलं, उपरणं ओढून पुढे अंथरलं. तो पुन्हा चालला.

अशा पायघड्या एरवी महाराजांसाठी घालतात.

मागून जवळच्या वस्तीवरची भागीबाई चार बायका घेऊन येत होती. तिने हे पाहिलं आणि जागच्या जागी हात जोडले.

"अगं बाई, देवाच्या वाहनाला पायघड्या! नवस व्हता काय हो अण्णा?"

"नवस नाही हो. पाय भाजतात त्याचे."

"भाजनारच की. देवाचं वाहन आसलं तरी जीव हाय त्याला," भागीबाई म्हणाली, आणि खाली वाकून टायसनच्या पायांवर डोकं ठेवलं. टायसनने तिचं कपाळ चाटलं. चाटल्याबरोबर बाकीच्या चौघी वाकल्या. एकीने पदराची गाठ सोडून खडीसाखर दिली, दुसरीने शेंगदाण्याचा लाडू.

"गोड देऊ नका, डॉक्टरने..."

"प्रसाद हाय अण्णा. प्रसादाला कुठं डाक्टर आडवा येतो?"

टायसन लाडू खाऊन उपरण्यावर आडवा झाला. आता त्याला कुठेच जायचं नव्हतं. वर टाळ वाजायला लागले.  आयुष्यभर लासलगाव आडवं आलं, आणि आता लासलगाव सुटलं तर हे!

तेवढ्यात फोन वाजला. निकिताचा चेहरा दिसला.

"बाबा, मीटिंग पाच मिनिटं थांबलीय. दाखवा बरं टायसनला... बाबा! त्याचे बूट कुठायत?"

"खाली. चपलांच्या रांगेत."

"काढले? का?"

"कलाबाईंनी काढायला लावले. देवाची वाट आहे."

"कोण कलाबाई? बाबा, त्याच्या पंज्यांना काही झालं ना, तर रवी मला बोलेल. आत्ताच्या आत्ता उचला त्याला!"

अण्णांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि उचललं. हातांनी सगळी उमर गोण्या जोखलेल्या. छातीशी धरल्याबरोबर त्यांना कळलं, हा माल पोत्याला भारी आहे. पण गोणी परवडली. गोणी हलत नाही, केस सोडत नाही, आणि चढाला लागल्यावर कान चाटत नाही.

"पण बाबा, तुम्हीच उचलून नेलं तर त्याचा व्यायाम कसा होणार?" खिशात टाकलेल्या फोनमधून आवाज आला.

"होतोय बाई," अण्णा धापा टाकत म्हणाले. "व्यायाम होतोय."

चटके बसत होते म्हणून थांबता येत नव्हतं आणि दम लागला होता म्हणून चालवत नव्हतं. देवाचं नाव घ्यावं तर तोंडात कुत्र्याचे केस जात होते. शेवटच्या वळणावर त्यांनी मान वर केली आणि मंडप दिसला. महाराज उभे होते. टाळकरी उभे होते. आणि महाराजांच्या उजव्या अंगाला, गळ्यात वीणा घालून, डोळे अर्धवट मिटून, गोटीराम उभा होता.

 वीणा एकदा गळ्यात पडली की ती जमिनीला टेकवत नाहीत आणि कुणी मधूनच मागतही नाही. संपलं. आता पुढचं साल. पुढचं साल कुणी बघितलंय?

पण महाराजांनी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी हात वर केला, टाळ थांबले.

"माउली, मी घटकाभर झालं भूतदयेवर बोलतोय," महाराज म्हणाले. "पण बोलणं बोलणंच राहतं. ते बघा, निरूपण चालत आलं! ज्या माणसाला आज वीणेचा मान होता, त्याने मुक्या जीवाचे पाय भाजू नयेत म्हणून तो मान सोडून दिला! स्वतः अनवाणी, आणि जनावर छातीशी! याला म्हणतात त्याग!"

सगळा मंडप मागे वळला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सोडला नाही हो," अण्णा म्हणाले. पण त्यांना दम एवढा लागला होता की आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. लोकांना वाटलं, नामस्मरण चाललंय.

त्यांना पुढे नेऊन बसवलं. गळ्यात हार घातला. कुत्र्यालाही घातला, तो त्याने खाल्ला. पुढच्या सबंध कीर्तनात महाराज दर दोन वाक्यांनी अण्णांकडे हात करायचे आणि लोक टायसनकडे बघून डोळे पुसायचे. वीणेकऱ्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. गोटीरामने दोनदा खाकरून पाहिलं. एकदा वीणेची तार जरा जास्त जोरात छेडली. काही उपयोग झाला नाही.

काल्याची हंडी मंडपाबाहेर बांधली होती. सगळे तिकडे निघाले तसा गोटीराम हळूच अण्णांपाशी आला.

"अण्णा, गळा दुखून ऱ्हायला बुवा माझा. शेवटच्या गजराला वीना तुमी घ्या. हक्काची हाय तुमची. तवर मी सांभाळतो याला."

अण्णांना खरंच वाटेना. गोटीरामने आपण होऊन वीणा द्यावी? पण त्याची नजर अण्णांवर नव्हतीच. ती टायसनच्या गळ्यातल्या उरल्यासुरल्या हारावर होती. अण्णांनी विचार केला नाही. रिवाजाप्रमाणे दोघे एकमेकांच्या पाया पडले. वीणा अण्णांच्या गळ्यात आली. टायसन गोटीरामच्या कडेवर गेला.

वीणेचा भोपळा छातीला लागला तशी अण्णांच्या अंगावर शहारा आला. महाराजांनी हंडीखालूनच खूण केली, पखवाजावर थाप पडली. मंडपात अण्णा, पखवाजवाला आणि समोर भोंग्याचा माइक. "विठोबा रखुमाई!" अण्णांनी डोळे मिटून गजर उचलला. याच क्षणासाठी सगळी उमर काढली होती. आता डोळ्यांपुढे सावळं रूप यायला पाहिजे होतं.

डोळ्यांपुढे आले ते चार पंजे.

त्यांनी डोळे उघडले. बाहेर उन्हात गोटीराम कुत्रं घेऊन हंडीखाली उभा होता, भोवती ही गर्दी. कुणी टायसनला लाह्या भरवत होतं, कुणी त्याच्याबरोबर फोटो काढत होतं. गोटीरामचा चेहरा आनंदाने फुलला होता. पण वजन त्याला झेपत नव्हतं. तो हळूहळू वाकायला लागला. कुत्र्याचे मागचे पाय कातळाकडे चालले.

"विठोबा रखुमा... अरे गोट्या, खाली ठेवू नको त्याला!" भोंग्यातून अण्णांचा आवाज मखमलाबादपर्यंत गेला. "कातळ तापलाय! पाय भाजतील माझ्या लेकराचे!"

पखवाज थांबला. हंडी फोडायला उचललेली काठी तशीच राहिली. अण्णांनी जीभ चावली. वीणा गळ्यात असताना देवाच्या नावाच्या मध्येच कुत्रं! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

गोटीरामने दचकून टायसनला छातीशी आवळलं. आता त्याला ठेवता येईना, आणि एका जागी उभंही राहता येईना, कारण अनवाणी तोही होता. त्याने एक पाय उचलला. तो टेकवून दुसरा उचलला. मग पहिला पुन्हा.

"वा! रंगला गोटीराम!" महाराज ओरडले. "पांडुरंगाने नाचवला!"

पखवाजवाल्याने त्याच्या पायांचा ठेका पकडला. भागीबाई नाचायला लागली, तिच्यामागे बाया, बाप्ये, झाडून सगळा गाव. हंडी फुटली, दही उडालं. टेकडीवर इतका रंग आजवर कधी भरला नव्हता. मंडपात भिमाजी अण्णा वीणा छातीशी धरून गजर म्हणत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लोक एकमेकांना दाखवत होते, बघा, याला म्हणतात भाव.

अण्णा ओठांनी देवाचं नाव घेत होते, आणि आतल्या आत देवालाच सांगत होते, पाडील रे तो त्याला, पाडील.