बिलोलीकर आणि हवेची वाट

भुजंगराव बिलोलीकरांना भोक दिसलं की त्यात करंगळी घातल्याशिवाय राहवत नसे. भोक कुठलंही चालायचं. नळाची तोटी, किटलीची चोच, टपालपेटीची फट. एकदा तर इथं हैदराबादेत, काचीगुड्याला एका लग्नात सनईवाल्यानं पान खाण्यापुरती सनई खाली ठेवली, तेवढ्यात यांची करंगळी तिच्यात. करंगळी आत घालायची, डोळे मिटायचे, हळूहळू फिरवायची आणि मग गंभीर चेहऱ्यानं बाहेर काढून म्हणायचं, "इथं हवा अडखळते." सनईवाला तेलुगू होता, त्याला हे कळलं नाही, म्हणून ते लग्न सुरळीत लागलं.

आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी आमच्या किटलीची अशीच तपासणी केली. ते गेल्यावर आमच्या हिनं किटली तीनदा घासली आणि विचारलं, हे तुमच्या दफ्तरातले का? मी हौ म्हटलं. आता होतेच ते माझ्या दफ्तरातले, नाही कसं म्हणू? मी टायपिस्ट आणि ते शेजारच्या टेबलावर उर्दू कागदांचं मराठी करीत. राहायलाही आमच्याच गल्लीत, समोरच्या माडीवर, एका खोलीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, जेवण खानावळीत. कपडे परीटघडीचे, पण करंगळीचं नख कायम काळं.

नख काळं का, तर इंजिनं. उर्दूचं मराठी करणाऱ्या माणसाला इंजिनाशी काय करायचंय, ते देव जाणे. दफ्तर सुटलं की स्वारी कोठीच्या बाजारात, खाजामियांच्या दुकानात. खाजामियां म्हणजे मोटरसायकलींचे नामी मिस्त्री. गाडी दुसऱ्याच्या पुढं पळावी अशी ज्यांची हौस, ते शौकीन लोक गाड्या घेऊन त्यांच्याकडे येत. खाजामियां इंजिनाचं वरचं बिडाचं झाकण उतरवत. त्याला ते हेड म्हणतात. त्या हेडात हवा आत जायची एक वाट असते. ती वाट आतून कानशीनं घासून नीट केली की गाडी जास्त पळते म्हणे. कशी पळते ते मला विचारू नका. मी एकदा बिलोलीकरांना विचारलं आणि माझी अख्खी संध्याकाळ गेली.

"वामनराव, इंजिन पेट्रोलवर चालतं असं वाटतं ना तुम्हाला?" त्यांनी सुरुवात केली. मी म्हटलं, वाटतं. "हवेवर चालतं. पेट्रोल नुसतं सोबतीला."

बरं, मग ते हवेचं भोक मोठं करून टाकावं, म्हणजे प्रश्न मिटला, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे फार कीव करून पाहिलं. मोठं केलं की हवा सुस्तावते म्हणे, तिचा वेग जातो. बरं, मोठं नको तर नको, आरशासारखं गुळगुळीत करा! नक्को, नक्को. फार गुळगुळीत झालं की पेट्रोल हवेत मिसळत नाही, भिंतीवरून ओघळतं. थोडी खरखर पाहिजे. म्हणजे मोठं नको, लहान नको, खडबडीत नको, गुळगुळीत नको. हवं तरी कसं बाबा? तर म्हणाले, "ते करंगळीला कळतं. एवढं लक्षात ठेवा, हवेला कोपरा चालत नाही." मी घरी आलो आणि डोक्याला तेल लावून पडलो.

दुकानातला त्यांचा तमाशा तर बघण्यासारखा. खाजामियां गाडी सुरू करायचे आणि इंजिनाकडे न बघता बिलोलीकरांकडे बघत उभे राहायचे. इकडे बिलोलीकर कीर्तनाला उभं राहिल्यासारखे हात वर नेतायत, मूठ उघडतायत, मिटतायत, मधेच गाल फुगवतायत. खाजामियांनी मान हलवली की गाडी बंद. गिऱ्हाईक काही बोललं की बिलोलीकर तेच तोंड मोठं करून खाजामियांना पुन्हा सांगणार. अहो, तो माणूस समोरच उभा आहे, त्याचं त्याला सांगू द्या की! पण नाही. लोकांना मोठी मजा वाटायची. सगळ्या कोठीत त्यांना 'पागल बाबू' म्हणत, आणि खरं सांगतो, त्यात मीही होतो.

त्याच सुमारास आमचं राज्य मोडायचं ठरलं. एका हैदराबादचे तीन वाटे होणार, मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे आणि राहिलेला तेलंगण आंध्राकडे. दफ्तरात कुणाचं कामात लक्ष राहिलं नाही. कोण कुठं जाणार याची रोज नवी यादी यायची आणि रोज ती खोटी ठरायची. भेटल्यावर नमस्कारही करायचे नाहीत लोक, "तुमचं कुठं?" एवढंच विचारायचे. माझे आजोबा इथल्याच जामबाग मोहल्ल्यात शिक्षक होते, सगळी कागदपत्रं इथलीच, तेव्हा मी राहणार हे जवळजवळ नक्की होतं. बिलोलीकरांचं गाव बिलोली. म्हणजे नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा. ते जाणार.

यादीची बातमी फुटली त्याच आठवड्यात ते आमच्या घरी आले आणि भजनी मंडळाची पेटी मागितली. पेटी माझ्या ताब्यात असायची. म्हटलं, भजन म्हणणार की काय? तर नाही, तिचा भाता पाहिजे. नंतर दारातच थांबून आमच्या हिला म्हणाले, "वहिनी, थोडं कुंकू मिळेल का?" ती बिचारी गोंधळून गेली. विधुर माणूस कुंकू मागतोय, द्यावं की देऊ नये? शेवटी पुडीत बांधून दिलं आणि मला आत बोलावून विचारलं, लग्न ठरलं का हो यांचं?

लग्न कसलं! पेटीच्या भात्याला सायकलची रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक त्यांनी हेडाला लावलं होतं. शेजारी फळीवर काचेची वाकडी नळी, तिच्यात कुंकवाचं लाल पाणी. भाता हलवला की हवा त्या वाटेनं ओढली जायची आणि नळीतलं पाणी चढायचं. वाट सोपी असली की पाणी कमी चढे, अडचणीची असली की जास्त. भात्याची कातडी झडप उलटी बसवली होती, कारण इंजिन फुंकत नाही, ओढतं. गुरुवारी भजनाला पेटी परत आली, मी सूर दाबला, भाता मारला, तर आवाजच नाही. मंडळी टाळ हातात धरून माझ्याकडे बघतायत. त्या दिवशी मी त्यांना फाडफाड बोललो. करंगळी आहे ना तुमची, मग ही थेरं कशाला? ते म्हणाले, "करंगळी माझ्याबरोबर जाईल, वामनराव." पेटी पुन्हा घेऊन गेले. मला काही कळलं नाही, आणि रागात कळून घ्यायचंही नव्हतं.

मग हुकूम आला. बिलोलीकरांना औरंगाबादला पाठवत होते आणि तेही वरच्या जागेवर. सगळ्यांनी पेढे मागितले. त्यांनी पेढे आणले नाहीत, अर्ज लिहिला. मला इथंच ठेवा, वरची जागा नको, आहे त्याच टेबलावर बसेन. कारणाशिवाय अर्ज चालत नसे. कुणी आईचं आजारपण लिहिलं होतं, कुणी मुलांच्या शाळा. बिलोलीकरांनी सुंदर उर्दू अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिनाच्या हेडातील हवेच्या वाटेचं काम अपुरं असल्यामुळे.'

इंग्रजी करून टाइप करायला तो कागद माझ्याकडे आला. मी काय केलं असेल? चहाच्या वेळी टेबलावर थाप मारून सगळ्यांना गप्प केलं आणि तो मोठ्यानं वाचून दाखवला. करंगळी हवेत फिरवून दाखवली. लोक पोट धरून हसले. बिलोलीकर तेव्हा बाहेर गेले होते असं मला वाटलं होतं. ते दारात होते. आत येऊन जागेवर बसले आणि कामाला लागले. आठ दिवसांनी अर्ज परत आला. हेडक्लार्कनं शेरा मारला होता, कारण हास्यास्पद, अर्ज फेटाळला.

जायच्या दोन दिवस आधी, आता तरी आमची पेटी परत मिळावी म्हणून मी दुपारीच दुकानात गेलो. बिलोलीकर दफ्तरात आपले कागद दुसऱ्याच्या ताब्यात देत बसले होते. खाजामियां पाठमोरे बसून हेड घासत होते. मी हाक मारली. उत्तर नाही. मोठ्यानं मारली, तरी नाही. मला वाटलं, भात्यावरून बिलोलीकरांना बोललो म्हणून हे रुसले. रागारागानं मी तिथलं एक पत्र्याचं डबडं लाथेनं उडवलं. ते खणखणत फरशीभर गेलं. खाजामियां शांतपणे घासत होते. डबडं त्यांच्या पायाशी येऊन थांबलं तेव्हा ते दचकले, वळले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"दो साल से कुछ सुनाई नै देता, वामन साब," ते हळू म्हणाले. "किसी को नक्को बोलो. बहरे मिस्त्री कने कौन गाडी लाता?"

मी बाकावर बसलो. त्यांनी तोडक्या शब्दांत सांगितलं ते असं. आयुष्यभर त्यांनी हे काम कानावर केलं होतं. हेडात तोंडानं फुंकर घालायची आणि ती कुठं शीळ घालते ते ऐकून तिथं घासायचं. इंजिनांच्या आवाजानंच कान गेले. बोटांना घट्टे, त्यांना आतला उंचवटा लागत नाही. बिलोलीकरांची करंगळी कारकुनाची, मऊ. इंजिन कसं बोलतंय ते बिलोलीकर हातांनी सांगत, गिऱ्हाईक काय बोलतंय ते ओठांनी. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री एका वेड्याचे लाड करतायत. मिस्त्रीला ऐकू येत नाही असं दोन वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आणि ते लाल पाणी खाजामियांसाठी होतं. जे कानाला ऐकू येत नाही ते डोळ्यांना दिसावं म्हणून.

मी पेटी न घेताच परत आलो आणि सरळ समोरच्या माडीवर गेलो. बिलोलीकर वळकटी बांधत होते. मी म्हटलं, मला समजलं सगळं. अहो, मग अर्जात खरं कारण का लिहिलं नाहीत? साहेबांना दया आली असती, राहू दिलं असतं तुम्हाला.

बिलोलीकरांनी दोरीची गाठ पुरी केली. "खरं लिहिलं असतं," ते म्हणाले, "तर तेही तुम्ही वाचून दाखवलं असतं, वामनराव."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते नेहमीच्या आवाजात सांगितलं, आणि ते खरं होतं. मीच वाचलं असतं. संध्याकाळपर्यंत कोठीभर झालं असतं. मला इतकी लाज वाटली की उठून जावं की बसावं तेही सुचेना. शेवटी म्हटलं, त्या लाल पाण्यानं भागेल ना खाजामियांचं? हेडापुरतं भागेल, ते म्हणाले, पण चालू इंजिन पाण्यात दिसत नाही. आणि गिऱ्हाईक तर मुळीच दिसत नाही.

"मी बसू का दुकानात?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मला इंजिनातलं काही कळत नाही."

"मग चालेल," ते म्हणाले. "कळणारा माणूस स्वतःचंच सांगत बसतो. तुम्ही ऐकू येईल तेवढंच सांगा."

काचीगुड्याच्या फलाटावर मी आणि खाजामियां दोघंच होतो त्यांना पोचवायला. मनमाडची गाडी. खाजामियांनी खिडकीचा गज धरून ठेवला होता. गार्डाची शिटी झाली तरी धरलेलाच. बिलोलीकरांनी आतून त्यांची बोटं एकेक करून गजावरून सोडवली आणि गाडी हलली.

बिलोलीकरांचं ते वेड होतं की सोंग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. औरंगाबादेहून पत्रं येत, त्यात हवेशिवाय काही नसे. मग सोंग कसं म्हणू?

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दफ्तर सुटल्यावर मी कोठीला गेलो. एक झोकदार गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं होतं. खाजामियांनी इंजिन सुरू केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला नुसतं फटफट ऐकू येत होतं, मधेच एक उचकी. मी हात वर नेले, मूठ उघडली, मिटली, उचकीच्या जागी खांदे उडवले. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. गिऱ्हाईक खो खो हसायला लागलं.

"क्या खाजामियां," ते म्हणालं, "एक पागल गया तो दूसरा पकड लाए?"

खाजामियांची नजर माझ्या ओठांवर होती. मी तोंड मोठं करून सांगितलं, "साब पूछ रहे, गाडी कब मिलती?"