निकाल फक्त मला ठाऊक होता

आमच्या कुस्तीत कोण जिंकणार हे मी ठरवायचो. पैलवान नाही, रेफरी नाही, नशीबही नाही. मी, घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसून, चहा पीत.

तुम्ही म्हणाल, मग ती कुस्ती कसली? तर ही नाटकी कुस्ती. रंगीत चड्ड्या, चौकोनी रिंग, माईकवरून एकमेकांचा उद्धार. मार खरा लागतो, भांडण खोटं असतं, आणि त्या भांडणाची गोष्ट कुणीतरी लिहावी लागते. कंपनी माझ्या भावोजींची. माईकवर बोलतातही तेच. रेफरी माझी ताई, कारण चोवीस वर्षांच्या संसारामुळे कुणाचंही न ऐकता निकाल देण्याचा तिला दांडगा सराव आहे. आणि सहा महिन्यांपूर्वी मी भावोजींना छातीठोकपणे सांगितलं होतं, “तुमच्या कुस्तीत मार भरपूर आहे, पण कथानक नाही. ते माझ्यावर सोडा. लोक दारं तोडून आत येतील.”

सहा महिन्यांत लोक त्याच दारांतून बाहेर पडले. तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये चौसष्ट माणसं उरली, आणि त्यातली काही पंख्याखाली झोपायला येत.

आता यात माझी चूक काय, तुम्हीच सांगा. आमचा लाडका चॅम्पियन हातोडा. दिवसा सुतारकाम करतो, म्हणून हातोडा. त्याची मी स्मृती घालवली. मग त्याला जुळा भाऊ काढला, आणि दुसरा पैलवान मिळेना म्हणून दोन्ही भाऊ त्यालाच करायला लावले. त्याचा कट्टर शत्रू गिधाड. या गिधाडाने एका कुंडीतल्या रोपाच्या ताब्यासाठी पाच रविवार कुस्ती केली. शिवाय रिंगच्या कोपऱ्यात अकरा आठवडे एक कुलूपबंद पेटी ठेवली होती. पेटीत काय आहे, पेटीत काय आहे, असं म्हणत लोक वेडे झाले. बाराव्या आठवड्यात ती उघडली तेव्हा ती रिकामी निघाली, कारण आत काय ठेवायचं हे ठरवायचंच माझ्याकडून राहून गेलं होतं.

शेवटी हॉलच्या मॅनेजरबाई आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर कुठलीही किल्ली लागणार नाही असा भाव. “कुत्र्यांच्या प्रदर्शनवाल्यांनी रविवार मागितलाय,” त्या म्हणाल्या. “या रविवारी मी स्वतः येऊन बसते. लोक खूश होऊन गेले तर हॉल तुमचा. नाहीतर कुत्र्यांचा.”

शहरात रिंग मावेल असा हॉल तो एकच. भावोजींनी बावीस वर्षं त्या हॉलमध्ये काढली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “लेखकमहाशय, या वेळी नीट काहीतरी लिहा.” त्यांचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता. मी ठरवलं, जीव ओतून लिहायचं.

आधी गळती शोधली. आमचे निकाल शुक्रवारीच गावभर झालेले असायचे. कारण सापडलं गिधाडापाशी. तो दिवसा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, स्वभावाने अतिशय मोकळा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, “खालची ओळ वाचा... छान... आणि हो, रविवारी मी हरतोय बरं का, जरूर या.”

तेव्हा मी नवा नियम काढला. प्रत्येकाला फक्त स्वतःचा निकाल सांगायचा, तोही मी स्वतः. पैलवानांनी रविवारपर्यंत एकमेकांना भेटायचं नाही. रेफरीलाही काही सांगायचं नाही.

ताई म्हणाली, “मला नाही सांगणार? मग मी मोजू काय?”

“ज्याची पाठ टेकेल त्याचं तीनपर्यंत मोज. तेवढं येतं ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं ते पाहणं मी लहानपणापासून ओळखतो, पण मोठ्या कामात घरगुती नजरांकडे लक्ष द्यायचं नसतं.

सोमवारी मी निकाल ठरवला: हातोडा जिंकणार. हातोड्याला त्याच्या कामावर गाठून तसं सांगितलं, गिधाडाला दुकानात जाऊन ‘तू हरणार’ म्हणून सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

बुधवारी आंघोळ करताना मला वाटलं, यात धक्का कुठे आहे? चॅम्पियन हरला पाहिजे, बायाबापड्या रडल्या पाहिजेत. लगेच दुकान गाठून गिधाडाला कळवलं, “तू जिंकणार.” हातोड्याचा मोबाईल नुकताच व्हार्निशच्या डब्यात पडला होता, म्हणून घरच्या फोनवर लावला. त्याच्या आईने उचलला. आता ही माउली म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. तिला निकाल सांगणं म्हणजे भर चौकात फलक लावणं. मी म्हणालो, “आई, त्याला फक्त एवढंच सांगा, बदललं.”

“काय बदललं?”

“त्याला कळेल.”

शुक्रवारी मॅनेजरबाई वाटेत भेटल्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, “तो हातोडा मला आवडतो हं. सभ्य वाटतो.” झालं! बाईंचा माणूस बाईंसमोर हरवून हॉल कसा मिळणार? मी तसाच दुकानात पळालो आणि गिधाडाला म्हणालो, “तू हरणार.” मग हातोड्याच्या आईला फोन. “आई, त्याला सांगा, बदललं.”

“बरं बाई, सांगते,” आई म्हणाली. तिला कुणालाही बाई म्हणायची सवय आहे.

रविवारी चार वाजता हॉल खच्चून भरला होता. यात माझा हात नव्हता. शेवटचा रविवार असेल अशी कुणकुण लागली होती, आणि माणसं आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टीच्याही निरोपाला हौसेने येतात. पहिल्या रांगेत मध्यावर मॅनेजरबाई, मांडीवर किल्ल्या. त्यांच्या शेजारी हातोड्याची आई. मी पडद्याच्या कडेला उभा होतो आणि सांगायला लाज कशाला वाटायची, खूप खूश होतो.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. दोघं नऊ वर्षं एकमेकांना आपटत आलेत, डोळे मिटूनही आपटतील. मग अकराव्या मिनिटाला, ठरल्या वेळी, गिधाडाने हातोड्याच्या छातीवर एक थाप मारली. शेवट करायची वेळ झाली की ही थाप. आता हातोड्याने ती झेलून गिधाडाला उचलायचं आणि आपटायचं.

हातोडा चारी मुंड्या चीत पडला.

गिधाड त्याच्याकडे बघतच राहिलं. मग त्याला वाटलं असावं की आपण उशीर केला, कारण त्यानेही कुणी न मारता कपाळ धरलं, एक गिरकी घेतली आणि तेही शेजारी आडवं झालं.

दोघं उताणे. ताई कमरेवर हात ठेवून मध्ये उभी. भावोजी माईकवर म्हणाले, “मंडळी, दोघेही... दमलेले दिसतात.”

हातोड्याने एक डोळा उघडला. गिधाडाने एक डोळा उघडला. हातोड्याने हळूच गिधाडाचा हात धरून त्याला आपल्या छातीवर ओढून घेतलं. ताई गुडघ्यांवर बसून मोजायला लागली, “एक... दोन...” आणि गिधाड विजेचा झटका बसल्यासारखं बाजूला उडालं. उडता उडता त्याने हातोड्याला मिठी मारून स्वतःवर घेतलं. “एक... दोन...” हातोडा किंचाळून उठला.

मग जे सुरू झालं ते मी लिहिलेलं नव्हतं. गिधाडाने रिंगच्या खांबावर स्वतःचं डोकं आपटून घेतलं. हातोडा कोरड्या ठणठणीत जागेवरून घसरला. गिधाडाने हातोड्याची मूठ धरून स्वतःच्या नाकावर मारून घेतली आणि ‘मेलो मेलो’ म्हणत कोसळलं, तर हातोडा त्याच्याआधी खाली पोचलेला. दोघं दातओठ खात एकमेकांना जिंकवायला बघत होते. नऊ वर्षांत इतका जीव तोडून ते कधी लढले नव्हते.

मी वाकत वाकत पहिल्या रांगेत हातोड्याच्या आईपाशी गेलो.

“आई, माझा निरोप दिलात ना?”

“दिला की. शुक्रवारी दिला.”

“आणि बुधवारचा?”

“बुधवारी विसरले. मग शुक्रवारी तुझा परत फोन आला तेव्हा आठवलं. म्हटलं त्याला, बदललं असं सांगितलंय.”

“किती वेळा सांगितलं?”

“एकदा. दोनदा फोन केलास तरी निरोप एकच ना?”

मी बोटांवर हिशेब केला. दोनदा बदललं असतं तर तो जिंकणार होता. एकदाच बदललं म्हणजे तो हरणार. आणि गिधाड तर हरणारच होतं. जगात एकाच माणसाला ठाऊक असलेला निकाल आता त्या माणसाच्या पोटात गोळा होऊन बसला होता.

वर रिंगमध्ये पंचविसावं मिनिट चालू होतं. कुणीतरी मागून खो खो हसलं. मॅनेजरबाईंकडे बघायची माझी छाती होईना. काहीतरी करायला हवं होतं, आणि लगेच. खालून ओरडून सांगावं तर पहिल्या रांगेला ऐकू जाणार, बाईंना कळणार. आत जाऊन हातोड्याच्या कानात सांगणं हा एकच मार्ग होता.

मी रिंगच्या कडेवर चढलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोरांमधून आत शिरायचं पैलवान कसं सहज करतात! माझा एक पाय आत गेला, दुसरा खालच्या दोरात अडकला आणि मी पोटावर सपशेल आपटलो. नेमके त्या वेळी दोघे शेजारी शेजारी उताणे पडले होते. माझी छाती हातोड्यावर, पोट गिधाडावर.

“हातोडा,” मी कुजबुजलो, “तू जिंकायचंस.”

पण त्याने ऐकलंच नाही. माझ्या गोष्टींत शेवटी कुणी ना कुणी बाहेरून उडी मारतंच, हे दोघांना सवयीने माहीत. त्यांना वाटलं, हाच तो धक्का. इतक्या वेळाने वर कुणीतरी आलं याचा त्यांना एवढा आनंद झाला की दोघांनी दोन बाजूंनी मला घट्ट आवळून धरलं.

“सोडा रे,” मी म्हणालो.

“एक,” ताई म्हणाली.

“ताई, नको. ताई, ऐक माझं.”

“दोन.”

“ताई, आपल्या आईला काय सांगशील?”

“तीन.”

घंटा वाजली. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, “ज्याची पाठ टेकेल त्याचं मोज म्हणालास, दोघांची टेकली होती. शिवाय माझे गुडघे दुखायला लागले होते.”

भावोजी माईकवर म्हणाले, “मंडळी, आपला नवा चॅम्पियन... माझा मेहुणा.” आणि तीनशे माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. ताईने चॅम्पियनचा बेल्ट माझ्या कमरेला लावायचा प्रयत्न केला. तो पुरला नाही, म्हणून मी हाताने धरून उभा राहिलो.

मॅनेजरबाई रिंगपाशी आल्या. डोळे पुसत होत्या, हसून हसून. “हे सगळं लिहिलं कुणी?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. “मीच,” मी म्हणालो.

“वर्षभर हॉल तुमचा,” बाई म्हणाल्या आणि जुडग्यातली एक किल्ली काढून भावोजींच्या हातात ठेवली. भावोजी चक्क रडले. त्यांनी मला मिठी मारली आणि मिठीत असतानाच कानात सांगितलं, “आजपासून तू लिहायचं नाहीस. ताई लिहील.”

मला वाईट वाटलं नाही. हॉल वाचला होता, आणि सोमवारी बँकेत दोन माणसांनी मला ओळखून हात मिळवला. एकाने तर बायकोला फोन करून सांगितलं. मी बेल्टाला घरीच आणखी दोन भोकं पाडून घेतली.

काल ताईने जेवणाच्या टेबलाशी चहा पीत पुढच्या रविवारची गोष्ट सांगितली. चौथ्या मिनिटाला हातोडा मला आपटणार, बेल्ट त्याचा.

“म्हणजे मी हरणार?”

“हो.”

“लोकांसमोर?”

“मग काय एकट्यात हरणार आहेस?”

सहा महिने मी शेजारच्याला वाण्याचा पत्ता सांगावा तसं पैलवानांना ‘तू हरणार’ म्हणून सांगत आलो. सगळं खोटं असतं, त्यात मनाला काय लावून घ्यायचं, असंही वर म्हणायचो. पण काल माझा चहा खरोखर कपातच गार झाला. मी ताईला शांतपणे समजावलं की हे कथानकाला धरून नाही, लोक मला आत्ता कुठे मानायला लागलेत, माझ्यासारखा चॅम्पियन चौथ्या मिनिटाला हरला तर प्रेक्षकांचा विश्वास उडेल. हातोड्याला काय, त्याला सवय आहे.

ताई विचार करते म्हणाली. निदान सहाव्या मिनिटापर्यंत टिकू दे, एवढंच माझं म्हणणं आहे.