साहेब केवढा उंच होता

पूस महिन्याच्या थंडीत दुलीचंद शेटच्या सालेकसा गावातल्या घाण्यावर मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल हौदातच तुपासारखं थिजून बसलं. पंप ते उचलेना, आणि तीन पिपं दुपारच्या मालगाडीला द्यायची होती.

"नळीत कडेकडेनं पानी सोडा, मधातून तेल सरकते," घाण्यावरचा मजूर चैतराम म्हणाला. "बर्माच्या विहिरीतून आमी असंच काढत होतो."

ब्रह्मदेशातल्या तेलविहिरींवर अकरा वर्षं राबून तो परतला, तेव्हापासून ही गोष्ट सुरू झाली की माणसं उठून जात. सोबत कामाला आलेल्या त्याच्या लेकीचा, रुख्माचाही त्या गोष्टीवर पुरता विश्वास नव्हता. पण उकडीचा गोळा ओल्या हाताला चिकटत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"जमलं तर मिस्त्री म्हणून ठेवतो तुले," शेट म्हणाला. "नाही तर बर्माचं नाव काढू नको पुन्हा."

बारीक नळीने पंपाच्या तोंडाशी पाणी सोडलं. चैतरामने दांडा मारला आणि तेल सरसर वर आलं. पाणी पिपाच्या तळाशी बसे, ते तोटीने काढता येई. फक्त दांडा थांबता कामा नये; थांबला की तेल नळीला चिकटलंच.

अर्धं पीप भरलं. "तिथला सायेब असाच पाहून राहिला होता," चैतराम म्हणाला, आणि साहेब केवढा उंच, ते दाखवायला त्याने दोन्ही हात वर केले.

नळी गरम पाण्याने धुण्यात तास गेला.

"आता मुकाट राह्य," शेटने बजावलं. चैतराम मुकाट राहिला. पहिलं पीप भरलं, दुसरं अर्ध्यावर आलं, आणि शेटलाच राहवेना. "मंग सायेब काय म्हनला?"

चैतरामने दांडा सोडला.

पुन्हा गरम पाणी. तिसऱ्या खेपेला त्याने ओठ घट्ट मिटले. पण गोष्ट आत अडकली की त्याचा हातही मंदावे. नळी गुरगुरू लागली, तशी रुख्मा पुढे सरकली.

"सायबाची टोपी लाल होती, शेटजी," ती म्हणाली.

"हिरवी." दांडा जोरात हलला.

"अन् विहीर दोनशे हात."

"चारशे." पुन्हा दांडा.

"तेल पाहून सायेब रडला."

"हासला, पोरी. कायले नास करून राहिली गोष्टीचा?"

तिसरं पीप काठोकाठ भरलं, तरी मालगाडीचा पत्ता नव्हता.

"मिस्त्रीजी," शेट म्हणाला, "बर्मात तुमचा पंप कसा नाही अडला?"

"तिथं माही बोली कोनाले समजे? अकरा सालं मुकाट्यानंच दांडा मारला."

रुख्माने पंपाशेजारी पोतं अंथरलं.

"बसा, बाबूजी. सायेब केवढा उंच होता?"

शेटनेही आपलं पोतं जवळ ओढलं. चैतरामने दोन्ही हात वर केले. साहेब सकाळपेक्षा हातभर वाढला होता.