कंपनीचं बारसं

नाव ठेवावं तर ते मीच! आमच्या कडावच्या माहेरी ही गोष्ट कधीच सिद्ध झालेली आहे. चार भावांत मी एकटी बहीण, म्हणजे घरातल्या झाडून सगळ्या पोरांची एकुलती एक आत्या. माझ्याशिवाय त्या घरात आजवर पाळणा हललेला नाही. आणि माझा एक नियम आहे. बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव कुणालाही कळता कामा नये! वहिन्या जंग जंग पछाडतात, भाऊ साडीचं आमिष दाखवतात, पण मी बधत नाही. आधीच कळलं तर बारसं कशाला करायचं? नुसत्या घुगऱ्या खायला?

तेव्हा नाजनीनची आणि माझी कंपनी काढायचं ठरलं, तसं मी छातीठोकपणे म्हटलं, "नावाचं माझ्यावर सोड!"

तिने सोडलं. सोडायला नको होतं.

नाजनीन म्हणजे कर्जतला आमच्या समोरच्या दारची. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची मैत्रीण. तिच्या अम्मीने, रजियाचाचीने, मला सांदण शिकवलं. तांदळाचा रवा, नारळाचं दूध आणि वाफ. ऐकायला सोपं, पण माझी पहिली सांदणं चपलेच्या तळासारखी झाली होती, आणि चाचीने ती न हसता खाल्ली! पुढे नाजनीन आणि मी मिळून खालापूरकडच्या फार्महाऊसवाल्यांना सांदणं पुरवायला लागलो. तिचा भाऊ तौकीर ती टेंपोने पोचवायचा. सगळं झकास चाललं होतं. मग एका मोठ्या रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, वर्षभराची ऑर्डर देतो. पण आम्ही माल फक्त प्रायव्हेट लिमिटेडकडूनच घेतो."

कंपन्यांची नोंदणी करून देणाऱ्या एका ऑफिसात माझा भाचा ऋषिकेश कामाला आहे. (हेही नाव माझंच!) त्याने मला बसवून समजावलं.

"आत्या, दोन नावं द्यायची. पहिल्या पसंतीचं आणि दुसऱ्या पसंतीचं. आधीच्या कुणाच्या नावाशी मिळतंजुळतं असलं की नाकारतात. आणि कुणा माणसाचं नाव घालणार असशील तर त्याची संमती लागेल. तुम्ही दोघी आधी नीट बसून ठरवा."

"ठरलंय!" मी म्हटलं.

ठरलं होतंच की, माझ्या मनात! रजियाचाची सांदण प्रायव्हेट लिमिटेड! नाजनीन ते ऐकून आधी रडणार, मग मला मिठी मारणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग तिला आधीच सांगून टाकायचं? छे!

नाजनीन बाजारात गेलेली बघून मी चाचीला गाठलं.

"चाची, इथे सही करा. पण नाजनीनला अवाक्षर सांगायचं नाही हं!"

"नाय सांगणार गं पोरी. अल्लाकसम!"

आता तुम्हाला म्हणून सांगते, चाचीच्या तोंडात तीळ भिजत नाही. आमच्या गल्लीतली लग्नं, भांडणं, बाळंतपणं सगळ्यांना तिच्याकडूनच कळतात. त्यामुळे मी मनातून निर्धास्त होते. समजा काही बिघडलंच, तर चाची बोलून टाकेलच!

"आणि दुसरं नाव?" ऋषिकेशने विचारलं.

"घाल काहीतरी. अंबाबाई घाल."

अंबाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची संमती मिळवायला काहीच कष्ट पडले नाहीत. त्यांनी सही केली, आणि दिवेलागणीपर्यंत "कंपनीला माझं नाव दिलंय" असं गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर सांगून आल्या. नवी साडीसुद्धा घेतली! मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. पण मला वाटलं, बरंच झालं की, खरं नाव आणखी झाकलं गेलं! कसली ही हुशारी! आज आठवलं तरी कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी नाजनीन रवा चाळता चाळता म्हणाली, "समीक्षा, अंबाबाईंचं नाव ठेवलंस म्हणतात. खरं हाय?"

"बारशाला ये, कळेल!"

"कंपनी दोघींची हाय ना गं? मग मलाच कसं म्हाईत नाय?"

"तुला तर मुळीच सांगणार नाही!" मी डोळे मिचकावले.

तिने चाळणी आपटली नाही की आवाज चढवला नाही. उरलेला रवा चाळला, हात धुतले आणि घरी गेली. रागावली असती तर मला कळलं असतं हो!

मग एके दिवशी ऋषिकेशचा फोन आला.

"आत्या, पहिलं नाव गेलं. रजिया सांदण म्हणून कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. दुसरं मंजूर झालं."

"कुणी घेतलं?"

"ते मला इथे दिसत नाही."

मी पिठाच्या हातांनी तशीच समोरच्या घरात घुसले.

"नाजनीन, चोरलं गं! कुणा मेल्याने आपलं नाव चोरलं!"

तिचा चेहरा उतरला. "कुठलं नाव?"

"ते सांगणार नाही!"

"मंग चोरलं ते मला कसं समजायचं?"

"चोरलंच! त्या चोराचं सांदण जन्मात फुगायचं नाही! त्याच्या नारळात दूध निघायचं नाही! त्याचा टेंपो खंडाळ्याच्या घाटात बंद पडेल!"

टेंपोचं नाव निघताच तौकीर चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत सटकला. चाची माळेचे मणी ओढत छताकडे बघत राहिली. मला वाटलं, बिचाऱ्यांना किती लागलंय बघा! मला भरून आलं.

आता मंजूर झालेल्या नावाचं तरी बारसं करायला हवं होतं. कडावहून पाळणा आणला. सांदणाचं पातेलं दुपट्यात गुंडाळून त्यात निजवलं. सासूबाई नवी साडी नेसून सगळ्यांच्या पुढे बसल्या. नाजनीन चाचीला घेऊन आली, पण आत बसली नाही, दारातच उभी राहिली. बायकांनी माझ्या पाठीत रीतसर धपाटे घातले, आणि मी पातेल्याच्या कानात, म्हणजे कडीशी तोंड नेऊन, कुर्र केलं.

"अंबाबाई सांदण प्रायव्हेट लिमिटेड!"

सासूबाईंनी कडाकड टाळ्या वाजवल्या. आणि मला राहवेना!

"पण बायांनो, हे खरं नाव नव्हे! खरं नाव होतं रजियाचाचीचं. आज ते नाजनीनच्या समोर सांगणार होते मी. कुणीतरी आधीच लाटलं!"

नाजनीन दाराच्या चौकटीला टेकली.

"अम्मीचं? तू अम्मीचं नाव देणार होतीस?"

"मग दुसरं कुणाचं गं?"

"ते मीच घेतलं," ती म्हणाली. "तौकीर आनी मी. खोपोलीच्या एका मानसाकडून करून घेतलं. मला वाटलं, तू मला बाजूला काढलीस."

माझ्या हातातली पाळण्याची दोरी सुटली. अख्खी खोली चाचीकडे बघायला लागली.

"चाची! म्हणजे तुम्ही दोन्हीकडे सह्या दिल्या? आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"कशी बोलू गं?" चाची रडकुंडीला आली. "तू बोललीस, नाजनीनला सांगू नको. ही बोलली, समीक्षाला सांगू नको. दोघींला कसम दिलेली मी! जन्मात पयल्यांदा तोंड मिटून बसले, तर आता मलाच बोलता व्हय?"

बायका पोट धरधरून हसल्या. सासूबाईसुद्धा हसल्या. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाजनीन मात्र हसली नाही.

तिची कंपनी तोवर उभीही राहिली होती. रिसॉर्टची ऑर्डर तिलाच मिळाली, आणि ते योग्यच झालं. सांदण तिच्या अम्मीचं होतं. माझ्या कंपनीत आता संचालक दोन: मी, आणि ज्यांना नारळाचं दूध बाधतं अशा माझ्या सासूबाई!

शेवटी ऋषिकेशनेच तोड काढली. "आत्या, दोघी मिळून तिसरी कंपनी काढा. मी सगळं करून देतो. फक्त एक नवं नाव लागेल."

मी हिंमत करून समोरच्या दारात गेले. नाजनीनने बसायला खुर्ची दिली. खुर्ची! त्या घरात मी कायम स्वयंपाकघरातल्या पाटावर बसत आलेय. तिने चहा दिला, वर बिस्किटंही दिली. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "या वेळी नाव तू ठेव. मला आधी कळलं नाही तरी चालेल."

"तसं नको," ती म्हणाली. "तुमीच ठेवा ना, समीक्षाताई."

तुमी! ताई! मी तिच्यापेक्षा वर्षाने लहान आहे हो! लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईने मला नुसतं समीक्षा म्हटलंय. भांडताना तर त्याहून वाईट काय काय म्हटलंय, आणि मला ते किती गोड लागायचं!

मी कप विसळायला उठले, तर तिने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. तुमी कशाला?"

मी घरी आले. तिसऱ्या कंपनीचं नाव पुढे कुणी काढलं नाही, मीही नाही. बारसं मात्र झालं म्हणायचं, आणि तेही अगदी तोंडावर, कुर्र न करता. नवं नाव पडलं ते मला!