दोन हात उंच आढं

अमृतरावांच्या नव्या घराचं आढं आपल्या आढ्यापेक्षा हातभर उंच आहे, हे ज्या दिवशी दिसलं त्या दिवसापासून चंपतरावांना भाकर गोड लागेना. इचोड्याच्या त्या गल्लीत आजवर ‘उंच घर’ म्हटलं की लोक त्यांच्या किराणा दुकान असलेल्या घराकडे बोट दाखवत. आता ते बोट शेजारी वळलं होतं.

त्यांनी उद्धव सुताराला बोलावलं. “आढं दोन हात वर घे.”

“घेतो. पन मालक, आढं वर गेलं का वासे अपुरे पडतेत. वळचण आखडन, भिंत भिजन.”

“मंग लांब वासे टाक!”

लांब वासे पडले. उतार इतका उभा झाला की कौलं खालच्या आडव्या रिपांवर ठरेनात. रोज चार-पाच अमृतरावांच्या अंगणात उतरू लागली. अमृतराव ती पुसून परत आणून देत. “तुमचे पाव्हने आले होते आमच्याकडं,” म्हणत. चंपतरावांचा आणखीच जळफळाट होई. शेवटी उद्धवने एकेक कौल तारेने रिपेला बांधलं.

आढ्यावरचं शेवटचं कौल घरधन्याने ठेवायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. चंपतराव बांबूच्या परांचीवरून चढले, कौल ठेवलं आणि आढ्यावर मांड ठोकून शेजारचं छप्पर वरून बघत बसले. उद्धवला उटनूरची बस गाठायची होती. मालक उतरले असतील असं समजून त्याने परांची सोडली आणि गेला.

“अवो, उतरा ना!” चंपतरावांच्या पत्नी मथुराबाई अंगणातून ओरडल्या.

“शिडी आन!”

“आपली वळचणीपर्यंतच पुरते. तिथवर घसरत येता का? अमृतभाऊजीची लांब शिडी मांगू?”

“खबरदार! मी हवा खाऊन राह्यलो.”

गर्दी जमली. एका तेलुगू ट्रकवाल्याने “दिगु, दिगु!” म्हणत उतरायची खूण केली.

“चंपतराव, वरून उटनूर दिसते का?” गर्दीतून कोणी ओरडलं.

“पार तिकडचं निर्मलबी दिसते!” चंपतरावांनी वरूनच ठणकावलं.

अमृतरावांना शेजाऱ्याची ती फजिती पाहवेना. त्यांनी आपली लांब शिडी स्वतःच्या छपराला लावली, चढले आणि आपल्या आढ्यावर समोरासमोर बसले. “हवा इकडंबी हाय.”

मथुराबाईंनी वेळ दवडला नाही. गर्दीतल्या दोघांच्या मदतीने तीच शिडी उचलून आपल्या छपरावर आढ्यापर्यंत टेकवली. चंपतराव निमूट उतरले.

धोतर झटकत त्यांनी मान वर केली. सगळी गल्ली अमृतरावांकडे बघत होती.

“काय बसला हाय माणूस! राजावानी!” कोणीतरी म्हणालं.

“अवो, आता काय राह्यलं वरतं?” मथुराबाईंनी विचारलं.

तोवर चंपतराव शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते.