खोडव्याचं फूल

कौसामावशीच्या अंगणातलं रोप हवं असेल तर आधी हात दाखवावे लागतात. भविष्य बघायला नव्हे. दोन्ही हात आधी पालथे, मग उताणे. मग ती बाजारात वांगं दाबून बघावं तसा अंगठ्यानं तळवा दाबून बघते आणि निकाल देते. "मऊ हाय. तुमच्याकडं न्हाई जगायचं." या निकालावर अपील नाही. पाटोद्यातले दोन डॉक्टर, एक वकील आणि तालुक्याच्या एका मोठ्या साहेबांच्या पत्नी तिच्याकडं नापास झालेल्या आहेत. मी तर सलग दोन वर्षं नापास झाले. "खडूचे हात हायती," ती म्हणाली. "खडूत काय उगवतंय, बाई?"

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बदली होऊन आले तेव्हा जनावरांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत खोली मिळाली. खोलीच्या खिडकीला लागूनच मावशीचं अंगण. पत्र्याची एक खोली, समोर फुटक्या कौलांची कड लावलेले चार वाफे, आणि त्यात ही पिवळी फुलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सूर्यफुलाची धाकटी भावंडं रांगेत उभी आहेत.

पण सूर्यफूल एकदा बी धरलं की संपतं. हे संपत नाही. दसरा झाला की वरचं वाळतं, खाली मूळ जिवंत राहतं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा फुटतं. मूळचं ते डोंगरातलं, मावशीच्या माहेरच्या वस्तीवर बांधाबांधानं येणारं. त्याचं खरं नाव मी पुष्कळांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. मावशी त्याला खोडव्याचं फूल म्हणते. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून दुसरा ऊस फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. मावशीची उभी हयात ऊस तोडण्यात गेली. जगातल्या बहुतेक गोष्टी ती उसाच्या हिशेबानं समजून घेते.

कुणी फुलाचं कौतुक केलं की तिला आवडत नाही. "फुलाचं सोड, मुळाचं इचार," हे तिचं ठरलेलं वाक्य. गल्लीत एका मुलीला स्थळ आलं. मुलगा देखणा आहे असं तिची आई सांगत होती. मावशी वाफ्यातून मान वर न करता म्हणाली, "फुलाचं सोड, मुळाचं इचार." त्या घरानं पुढं दोन महिने मावशीशी बोलणं टाकलं होतं.

चार वाफ्यांत चार तऱ्हा आहेत. पहिला गावरान, माहेरचा. दुसरा ठेंगू, साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या एका माळ्यानं दिलेला. तिसरा उंच, त्याला काठीचा आधार लागतो. "खत लई दिलं की असंच व्हतं," मावशी म्हणते. "उंच व्हतं आन् उभं ऱ्हात न्हाई." चौथा मात्र तिच्याच अंगणात आपोआप निपजला. गावरानाच्या बियातून एक रोप आलं, त्याला पाकळ्यांवर पाकळ्या, शेवंतीसारखं गच्च फूल. ते कुणी आणलं नाही, कुणी कलम केलं नाही. मावशी त्याला डब्बल म्हणते आणि त्याच्या बाबतीत फार कंजूस आहे.

त्या डब्बलची बातमी बीडच्या एका रोपवाटिकेच्या मालकापर्यंत गेली. तो मोटारीतून आला. पांढरे कपडे, गॉगल, दोन्ही हातांत मिळून पाच अंगठ्या. म्हणाला, "मावशी, तुमच्या फुलाला मी पुण्या-मुंबईला नेतो. तुमचं नाव देतो फुलाला."

"आंगठ्या काढा आधी," मावशी म्हणाली.

तो हसला. मावशी हसली नाही, तेव्हा त्यानं खरोखर अंगठ्या काढून खिशात टाकल्या आणि हात पुढं केले. मावशीनं तळवा दाबला. बराच वेळ दाबला. मग म्हणाली, "हात बरा हाय. मागं कवातरी काम केलेलं दिसतंय. आता कावून सोडलं?"

त्यानं खिशातल्या अंगठ्या चाचपल्या. चहा पिऊन, गावरानाच्या मुळांचा एक गड्डा घेऊन तो गेला. डब्बल मिळालं नाही ते नाहीच. "त्याला बी धरत न्हाई, नुसत्या पाकळ्या," मावशी मला म्हणाली. "त्याची मुळी वाटून वाटूनच वाढवावं लागतं. घाई करणाऱ्याचं काम न्हाई ते."

मला रोप मिळालं ते तिसऱ्या वर्षी. शाळेच्या पाण्याची टाकी घासताना मावशीनं मला बघितलं होतं. संध्याकाळी खिडकीतून हाक आली, "बाई, हात दाखवा." सोललेली बोटं तिनं बघितली आणि कुदळ घेतली.

तिचा सगळ्यात विलक्षण कार्यक्रम दसऱ्यानंतरचा. फुलं संपली की ती कोयता घेते. उसाचा जुना कोयता, मूठ झिजून बारीक झालेली. पदर खोचते, कमरेत वाकते आणि चारही वाफे भुईसपाट करते. पहिल्यांदा मी ओरडतच बाहेर गेले होते.

"जिमिनीला टेकूनच तोडायचं असतंय," ती म्हणाली. "वर बुडूख ठिवलं तर खोडवा चांगला येत न्हाई."

तोडून झालं की ती गावरानाच्या वाफ्यातून एक गड्डा मुळासकट उपटते, ओल्या गोणपाटात गुंडाळते, वर सुतळी बांधते आणि छायाच्या हातात देते. छाया म्हणजे मावशीच्या बहिणीच्या मुलाची, दगडूची बायको. दगडू-छाया दर वर्षी टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातात. मावशीनं स्वतः गुडघ्यामुळं जाणं थांबवलं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून हा गड्डा छायाबरोबर जातो.

"जाग्यावर लावून ये," एवढंच मावशी सांगते.

चैत्रात टोळी परत आली की छाया भेटायला येते. मावशी विचारते, "फुटलं व्हतं का?"

"फुटलं की, मावशी. फुलं बी आलती."

मावशी मान डोलावते आणि चहाचं आधण ठेवते. हे मी तीन-चार वर्षं बघितलं. मला वाटायचं, म्हातारीला आपलं फूल सगळीकडं पसरवायची हौस आहे. मी मनातल्या मनात हसायचेसुद्धा.

मागच्या भाद्रपदात वाफे अगदी भरात होते. छाया काही कामानं आली होती, मीही अंगणात होते. मावशी एकदम म्हणाली, "औंदा मीच जाऊन येते तिकडं. आताच. फुललेलं बघून येते. इतक्या वर्सांत कधी बघितलं न्हाई."

छायाचा चेहरा उतरला. "मावशी, गुडघा किती सुजलाय. पाच गाड्या बदलाव्या लागत्यात."

"बदलते की."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला छाया फाटकाशी उभी होती. म्हणाली, "बाई, मावशीला थांबवा. तुमचं ऐकंल." आणि शाळेच्या पायरीवर बसून तिनं मला सगळं सांगितलं.

मावशीला एक मूल झालं होतं. मुलगा. तिकडंच, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. थंडीचे दिवस होते. ते मूल गेलं. तिच्या नवऱ्यानं कालव्याच्या कडेला बाभळीखाली त्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं फडात गेली, कारण टोळी थांबत नाही. मावशीनं माहेरच्या फुलाचा एक गड्डा डब्यात घालून नेला होता, कोपीच्या दारात लावायला. तो तिनं बाभळीखाली लावला. पुढं तिला मूल झालं नाही. दर वर्षी टोळी त्याच भागात जायची. दर वर्षी ती आधी बाभळीपाशी जाऊन यायची. नवरा होता तोवर दोघं, नंतर ती एकटी.

"आता तितं काईच न्हाई, बाई," छाया म्हणाली. "आमी पयल्या वर्षी गेलो तवाच रोड रुंद झाल्ता. बाभळ न्हाई, काई न्हाई. कालव्याला शिमिट केलंय. म्या गड्डा हातात घिऊन उभी व्हते. परत येऊन कसं सांगावं? फुटलं म्हणून सांगितलं. मग दर वर्षी सांगावंच लागलं."

"आणि ते गड्डे?"

"कोपीच्या दारात लावते. जमतंय तवर पाणी घालते. आमी निघालो की शेळ्या खात्यात."

ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

संध्याकाळी मी मावशीकडं गेले. ती सुकलेली फुलं खुडत होती, म्हणजे नवी येतात. मी गुडघ्याचं बोलले, गाड्यांचं बोलले, रस्ते खराब आहेत म्हणाले. ती खुडत राहिली. मग म्हणाली, "बाई, छाया तुमच्याकडं आलती का?"

मीही एक सुकलेलं फूल खुडलं.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पयल्याच वर्सापासनं. ती म्हणली फुलं आलती. ह्ये फूल दसऱ्यानंतर कुठं येतंय? टोळी जाती तवा ह्ये वाळलेलं असतंय, आन् टोळी येती तवर वाळलेलंच असतंय. मी इतकी वर्सं गेले, मला कधी घावलं न्हाई. नुसती वाळकी बोंडं घावायची. ती बोटानं चुरून बघायचे. बी भरलेलं असायचं. मग कळायचं, पावसाळ्यात फुललं व्हतं. बघायला कुणी नव्हतं, पर फुललं व्हतं."

तिनं खुडलेली फुलं पदरात गोळा केली.

"मग आताच जाऊन येते असं कशाला म्हणालात?" मी विचारलं.

"तिनं खरं बोलावं म्हणून. नऊ वर्सं ती पोर माझ्यापायी खोटं वाहतीया डोक्यावर. उतरावं म्हणलं आता. तर ती तुमच्याकडं गेली." ती जराशी हसली. "बरंच झालं म्हणा. तुमाला बी कळलं."

माझ्या मनात एक प्रश्न होता. विचारावा की नाही कळेना, तरी विचारला. "छाया तिथं लावत नाही हे माहीत होतं, मग दर वर्षी गड्डा का देत राहिलात?"

रोपांतलं काही न कळणाऱ्या नवख्या माणसाकडं बघावं तसं मावशीनं माझ्याकडं बघितलं. "तितं गेल्यावर छाया इचार करती की न्हाई, ह्ये आता कुठं लावावं? तवा तिला त्याची याद येती. वर्सातनं एकदा. त्याचा बाप गेला. मी गेल्यावर त्याला वळखणारं कोण हाय, बाई? तो व्हता ह्येच कुणाला ठाऊक न्हाई."

मी तिथंच ओट्यावर बसून राहिले. पलीकडं दवाखान्यात कुणाची तरी गाय हंबरत होती. मावशीनं वाफ्याला पाणी सोडलं, एकेक करून चारही.

मी छायाला एवढंच सांगितलं की मावशी जाणार नाही, आणि तू एकदा येऊन बोल. ती लगेच आली नाही. दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला आली, पाया पडली आणि तशीच गेली. टोळी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र आली. मावशी वाफे तोडून बसली होती. मीही तिथं होते. रविवार होता.

छाया उंबऱ्याशी उभी राहिली. "मावशी, ती जागा आता न्हाई."

"बरं."

"लई वर्सं झाली. रोड झालाय."

"बरं. बस. चहा घी."

छाया बसली. चहा झाला. मावशी उठली, पण गावरानाच्या वाफ्याकडं गेली नाही. चौथ्या वाफ्यात वाकली, डब्बलच्या गड्ड्याभोवतीची माती कुदळीनं मोकळी केली, आणि सगळा गड्डा उचलून मुळीमुळीनं दोन भाग केले. एक पुन्हा जागेवर लावला. दुसरा गोणपाटावर ठेवला. ज्या रोपासाठी बीडहून मोटार येऊन परत गेली होती, ते.

"यंदा कुठं लावू?" छायानं विचारलं.

"तुजी कोपी जितं पडंल तितं. येताना संगं घिऊन ये. शेळ्यांना सोडू नगंस."

छायानं मान हलवली. मावशी गोणपाट गुंडाळत होती. मग छायानं हळूच विचारलं, "मावशी, नाव काय ठिवलं व्हतं त्याचं?"

मावशीचे हात थांबले. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नसावं.

"अकरा दिसांचा व्हता," ती म्हणाली. "बारसं बाराव्याला असतंय."

मग तिनं सुतळीचं टोक दातात धरलं आणि गाठ मारली.