विश्वासाच्या नूतनीकरणाची मोटारमोहीम

सोमवारी सकाळी साडेपाच वाजता चष्मेवाल्यांची पांढरी मोटार फाटकाबाहेर पडली आणि फाटक लावायला कोणी उतरावे यावरून पहिली चकमक जाहली. मोहिमेचा आरंभ तो हाच.

ऐसियास, ही मोहीम कोणत्या सबबीने उभी राहिली ते प्रथम नमूद करणे जरूर. चर्चमध्ये रिवाज ऐसा की, महिन्याच्या अखेरच्या रविवारी एकाने उभे राहून साक्ष द्यावी, म्हणजे देवाने आपणांस संकटांतून कैसे राखिले ते सर्वांसमक्ष सांगावे. मागील खेपेस दंतवैद्यांनी अडकलेल्या लिफ्टची साक्ष देऊन तमाम मंडळीस रडविले, आणि त्याआधी दारू सुटलेल्या मेकॅनिकने दिली, ज्याच्या साक्षीत दर खेपेस बाटल्या वाढतच होत्या. आणि श्रीमंत चष्मेवाले, भर बाजारात काचांचे दुकान असलेले, चर्चच्या कमिटीचे ज्येष्ठ सभासद, पहिल्या बाकाचे कायम धनी, यांजपाशी सांगण्याजोगे काहीच नव्हते. जन्मापासून विश्वासात, दारूचा थेंब नाही, लिफ्ट कधी अडकली नाही. प्रार्थनेस उभे राहिले की शब्द नळासारखे वाहत, आणि भाविक माना डोलावीत. परंतु ते शब्द पलीकडे कोणास ऐकू जातात की नाही, हा संशय त्यांस कैक वर्षे होता, आणि तो त्यांनी कोणासही, खुद्द बायकोसही, सांगितला नव्हता. मग पाळकसाहेबांनी भर उपासनेत विचारिले की या खेपेस साक्ष कोण देणार, आणि दंतवैद्य पुन्हा उठू लागलेले पाहून चष्मेवाले घाईने बोलून गेले, "सहलीहून आलो की मी देतो. विश्वासाचं नूतनीकरण करूनच येतो!" जणू वाहनाच्या परवान्याची मुदत संपली होती. टाळ्या जाहल्या. माघारीचा रस्ता बंद जाहला.

मग फौजेची मांडणी केली ती ऐसी. चालकाच्या जागी खासे चष्मेवाले. शेजारी त्यांच्या पत्नी, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या आणि नमुना पाहिल्याविना कशासही हो न म्हणणाऱ्या. पिछाडीस सासूबाई, उशी आणि मळमळीच्या गोळ्यांसह. आणि त्यांच्या बाजूस कन्या, कॉलेजात जाणारी, दोन्ही कान इयरफोनने बंद. निघतेसमयी फर्मान सुटले की, गाडीत भक्तिगीतांखेरीज काही वाजू नये, मोबाईल रस्ता दाखवण्यापुरताच चालावा, आणि रोज कूच करण्याआधी प्रार्थना व्हावी. त्यावर पत्नींनी उलट फर्मान काढिले की, गाडी चालवताना प्रार्थना करायची तर डोळे उघडे ठेवूनच करावी. हा तह सर्वांस मान्य जाहला.

पुढे चार दिवस नूतनीकरणाची शिकस्त जाहली, परंतु यश येईना. भक्तिगीते लागली की सासूबाई पहिल्या कडव्यास झोपी जात आणि थांबली की जाग्या होऊन "आलं का?" विचारीत. डोंगरमाथ्यावर सूर्योदयसमयी चष्मेवाले कड्याशी डोळे मिटून, हात जोडून, अंतःकरणात काही हलते का याची वाट पाहत उभे राहिले, तो एका जोडप्याने त्यांच्या हाती मोबाईल ठेवून म्हटले, "काका, एक फोटो काढता का? आडवा काढा हं." मग आडवा काढिला, उभा काढिला, उडी मारतानाचाही काढिला, आणि सूर्य वर आला तो तैसाच वाया गेला. हॉटेलच्या तलावात पाठीवर तरंगत आभाळाकडे पाहिले, तर कानात पाणी गेले. सहल उत्तम चालली होती. काहीही घडत नव्हते. त्यामुळे चष्मेवाले हवालदिल जाहले.

परतीच्या वाटेवर, सरळसोट महामार्गावर, मोठा प्रसंग गुदरला. चष्मेवाल्यांची खोड ऐसी की, डाग पडलेली काच त्यांस पाहवत नसे. मग ती कोणाची का असेना. समोर अडकवलेल्या मोबाईलवर बोटांचे ठसे दिसताच त्यांनी खिशातील मऊ फडके काढून, एक हात चाकावर ठेवून, काच पुसली, आणि त्याच भरात, डोळे उघडे ठेवून, मोठ्याने प्रार्थना आरंभिली, की हे दयाघना, आम्ही भरकटलो आहोत, आम्हांस जीवनाकडे ने. आणि जी रस्ता दाखवणारी बाई बहुत वेळ मौन धरून होती, ती मोबाईलमधून अचानक वदली, "पुढे उजवीकडे वळा."

चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी गाडी वळविली.

"अहो, आपला रस्ता सरळ आहे!" पत्नी म्हणाल्या.

"आज्ञा झालीय," चष्मेवाले म्हणाले.

"कुणाची?"

मग गाडी शेतांमधून, खड्ड्यांमधून, एका अरुंद पुलावरून गेली, आणि बाई सांगेल तैसे वळत वळत एका पत्र्याच्या शेडपाशी थांबली. पाटी होती: जीवन टायर वर्क्स.

त्या क्षणी चष्मेवाल्यांस सर्व उमगले. टायरात खिळा असणार! महामार्गावर टायर फुटता, मागून ट्रक येता, आणि चार जिवांचा निकाल लागता. परंतु वरून हाक आली आणि कुटुंब राखिले गेले. या साक्षीपुढे लिफ्टची काय मातब्बरी? त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी टायरवाल्यास चारी चाके तपासण्याचा हुकूम दिला.

टायरवाल्याने तपासली. "काही नाही साहेब. टायर नवेच दिसतायत."

"नीट बघा. बारीक असेल."

"नाही हो."

"पाण्यात घालून बघा ना."

मग चाके उतरली, पाण्यात बुडाली, आणि बुडबुडा एकही आला नाही. डिकीतील जादा चाकही शाबूत निघाले. चष्मेवाल्यांनी आयुष्यात प्रथमच मनापासून काही मागितले ते हे, की एक खिळा निघू दे. तेव्हा कन्येने एका कानातला इयरफोन काढिला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही काच पुसलीत ना, तेव्हा माइकचं बटण दाबलं गेलं. तुम्ही 'जीवनाकडे ने' म्हणालात. तिने नेलं."

सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "आलं का?"

टायरवाल्यास पाहुण्यांचे तोंड पाहवेना. गिऱ्हाईक नाराज जाऊ नये म्हणोन त्याने इतरांच्या टायरांतून निघालेल्या खिळ्यांचा डबा पुढे केला आणि म्हणाला, "एवढाच पाहिजे असेल तर यातला घ्या साहेब. मोठाबिठा बघून घ्या."

चष्मेवाल्यांनी त्यातील एक लांब, गंजका, वाकडा खिळा उचलला. अतिशय देखणा खिळा होता. मंडळीत हातोहात फिरविला असता तर दंतवैद्य पुन्हा उठले नसते. त्यांनी तो फडक्याने पुसला आणि बायकोकडे पाहिले.

"मी काही बोलणार नाही," पत्नी म्हणाल्या. "पण आमच्या लॅबमध्ये दुसऱ्याचं रक्त आपलं म्हणून कुणी दिलं, तर मी रिपोर्टवर सही करत नाही."

"मग रविवारी सांगू काय? सगळे वाट बघतायत."

"जे झालं ते."

"काहीच झालं नाही गं!" चष्मेवाले ओरडले, आणि खिळा डब्यात टाकून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, आणि रोजचे शब्द शोधू लागले, परंतु नळास पाणी नव्हते. मग ते कोणाकडेही न पाहता म्हणाले, "मला तू दिसत नाहीस. कधीच दिसला नाहीस. दिसतोयस असं दाखवत आलो. आता कंटाळा आलाय." ही प्रार्थना होती की तक्रार, याचा निवाडा तेथे कोणी केला नाही. पत्नींनी त्यांच्या पाठीवर हात ठेविला आणि चाके बसेतो काढिला नाही. कन्येने दुसरा इयरफोनही काढिला. महामार्ग लागेपर्यंत गाडीत गीतही वाजले नाही आणि ते लावण्याचे फर्मानही सुटले नाही.

आता दप्तरात कायम करण्याजोगी फत्ते ती ऐसी. श्रीमंत चष्मेवाले सहकुटुंब, सहटायर सुखरूप परतले. रविवारी उपासनेस वेळेवर रुजू जाहले. आणि पाळकसाहेबांनी माइक हाती देताच त्यांनी भरल्या चर्चसमोर जाहीर केले की, सहलीत देवाने त्यांस कशातूनही वाचविले नाही, वाचविण्याजोगे काही घडलेच नाही, आणि आपणांस तो कधी दिसला नाही, तरी आपण अजून त्याच्याशी बोलतो, हल्ली थोडक्यात. इतके बोलून ते थांबले. दंतवैद्य कधी नव्हे ते बसून होते. मेकॅनिकने मान खाली घातली. साक्ष संपली की पाळकांनी मोठ्याने आमेन म्हणावे आणि मंडळीने साथ द्यावी, हा रिवाज.

ही ओळ लिहितेवेळी पाळकसाहेब उभे आहेत, त्यांचे तोंड उघडे आहे, आणि आमेन अद्याप आलेला नाही.